सात भागिले दोन

१९९३ सालची एक छापील यादी माझ्या कपाटात अजून आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा, दोन्ही कडांना भोके असलेला लांब कागद; शाई आता फिकट करडी झाली आहे. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. वर्गात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाची फी माफ होत असे. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढून क्रम लावणारा चाळीस-पन्नास ओळींचा एक प्रोग्रॅम मी त्यासाठी सी भाषेत लिहिला. यादी छापून आली, तेव्हा सर्वांत वर तिघांच्या नावापुढे ७१ हा आकडा होता. तिघे सारखेच, म्हणून प्रोग्रॅमने त्यांना हजेरीपटाच्या क्रमाने ठेवले आणि ऑफिसने यादीतले पहिले नाव उचलले. त्या मुलाची बेरीज ३५५ होती. यादीत तिसऱ्या असलेल्या मुलीची ३५९.

३५९ भागिले ५ म्हणजे ७१.८. प्रोग्रॅमने पॉइंट आठ गाळून टाकले होते. हे लक्षात आले ते पुढच्या वर्षी, एका कारकुनाने हाताने पडताळणी केली तेव्हा. फीमाफीचे पैसे केव्हाच जमाखर्चात पडले होते. मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील एसटीत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अहो सर, मशीनची चूक. त्याला तुम्ही काय करणार?" मी मान डोलावली.

मशीनची चूक नव्हती. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तर पूर्णांकच द्यायचे, उरलेले टाकून द्यायचे, असा सी भाषेचा नियम आहे आणि मशीनने तो पाळला. मला हा नियम ठाऊक होता; मी तो वर्गात शिकवतही होतो. गंमत अशी (तेव्हा गंमत वाटली नाही) की त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आमच्याकडे पास्कल भाषा शिकवली जाई, आणि हीच ओळ पास्कलमध्ये लिहिली असती तर कंपायलरने ती स्वीकारलीच नसती. तेव्हापासून मला एक सवय लागली. नवी संगणकभाषा समोर आली की तिला मी आधी विचारतो: सात भागिले दोन किती? शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तसे. गेल्या सहा-सात दशकांत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे मी गोळा करत गेलो. भाषा कोणासाठी बनवली, कामावरच्या माणसासाठी की शिकणाऱ्यासाठी, हे त्या उत्तरांतून बऱ्यापैकी कळते असे मला वाटते. ती उत्तरे इथे मांडतो आहे.

सुरुवात फोरट्रानपासून करावी लागते. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ७०४ या यंत्रासाठी ती बाहेर आणली. त्याआधी प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राच्याच भाषेत, एकेक सूचना हाताने रचून. बॅकस यांच्यापुढे शिकवण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचे गिऱ्हाईक होते ते रोज समीकरणे सोडवणारे शास्त्रज्ञ आणि अभियंते, आणि त्या गिऱ्हाइकाची मुख्य शंका अशी की कंपायलरने तयार केलेला प्रोग्रॅम हाताने लिहिलेल्याइतका वेगाने चालेल का. म्हणून सगळा जीव वेगात ओतला गेला. पूर्णांकांचे गणित वेगळे, दशांशांचे वेगळे, आणि कुठला आकडा कुठल्या जातीचा हे नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरायचे. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, बाकीची दशांशाची. गणितात आय, जे, के ही अक्षरे क्रमांकांसाठी वापरतात, तिथून हा संकेत आला. यावरचा जुना विनोद सर्वांना ठाऊक असे: गॉड हा 'रियल' आहे, कारण त्याचे नाव जी अक्षराने सुरू होते, कोणी त्याला 'इंटिजर' म्हणून घोषित करेपर्यंत.

तर फोरट्रानमध्ये सात भागिले दोन म्हणजे तीन. मात्र सातपुढे आणि दोनपुढे एकेक टिंब दिले की साडेतीन. शास्त्रज्ञाला हे एकदा सांगितले की पुरे. शिकणाऱ्याला पुरत नाही. सरासरी काढायला बसलेला विद्यार्थी साहजिकच सरासरीला 'मीन' असे नाव देतो. मीन एम अक्षराने सुरू होतो, म्हणजे पूर्णांक, म्हणजे दशांश गेले. जुनी जाणती मंडळी नावाच्या आधी एक एक्स चिकटवून 'एक्समीन' लिहीत, ते याचसाठी.

भारतात फोरट्रान आली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० पासून चालू होता, पण त्याच्याशी बोलायचे ते त्याच्याच भाषेत. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला आणि टाटा संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातल्या संगणकवाल्यांची पहिली मोठी पिढी या यंत्रांवर फोरट्रान शिकली. कानपूरला प्रा. व्ही. राजारामन यांनी शिकवलेले अभ्यासक्रम आणि त्यांची स्वस्त पुस्तके यांनी पुढची कित्येक वर्षे महाविद्यालये चालवली. मी स्वतः १९८० च्या आसपास कार्डांवर फोरट्रान शिकलो. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, दुसऱ्या दिवशी कागद घ्यायचा. एका टिंबाची चूक म्हणजे एक दिवस. आता वाटते, त्या एका दिवसाने मला जे शिकवले ते भाषेने शिकवले नाही.

कोबोलचे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि ते सांगताना मला थोडे लाजल्यासारखे होते, कारण आम्ही मास्तर मंडळी कोबोलला कायम नाके मुरडत आलो. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने एक समिती बसली. ग्रेस हॉपर यांनी आधी बनवलेल्या फ्लोमॅटिक या भाषेचा मोठा आधार तिने घेतला आणि पुढच्या वर्षी कोबोलचा आराखडा प्रसिद्ध झाला. कोबोलला 'सात भागिले दोन' एवढेच विचारता येत नाही. ती उलट विचारते: उत्तर ठेवायला भांडे केवढे आणले आहे? भांड्याचे वर्णन आधी लिहून द्यावे लागते. त्याला 'पिक्चर' म्हणतात. एकच आकडा मावेल असे भांडे दिलेत तर उत्तर तीन. दशांशानंतर एक घर ठेवलेत तर साडेतीन. आणि 'राउंडेड' हा शब्द जोडून एकाच आकड्याचे भांडे दिलेत तर चार. बँकेच्या हिशेबात हेच तीन प्रश्न असतात: किती घरांपर्यंत मोजायचे, उरलेले टाकायचे, की वरच्या आकड्यात घ्यायचे? कोबोल ते तिन्ही कागदावर लिहायला लावते. शिवाय ती दशमान पद्धतीने मोजू शकते, त्यामुळे पैशाचा पैसा राहतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर्षाचे दोनच आकडे साठवल्यामुळे 'वायटूके'चा घोर उभा राहिला आणि मुंबई-पुण्यात कोबोलच्या क्लासबाहेर रांगा लागल्या. आमच्याकडे जिला कालबाह्य म्हणून अभ्यासक्रमातून बाहेर काढले होते, तिच्याच जोरावर आमच्या मुलांनी पहिल्यांदा विमान पाहिले.

या दोन्ही भाषा कामाच्या. तिसरी, अल्गोल, विद्वानांची. जानेवारी १९६० मध्ये युरोप-अमेरिकेतले तेरा जण पॅरिसला जमले आणि पीटर नॉर यांनी संपादित केलेला एक अहवाल बाहेर पडला. आकाराने लहान, पण नंतरच्या बहुतेक भाषांचे व्याकरण तिथून निघाले. माझ्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की अल्गोलवाल्यांनी भागाकारासाठी दोन वेगळी चिन्हे ठेवली. तिरकी रेघ ( / ) म्हणजे खरा भागाकार, उत्तर साडेतीन. आणि शाळेतले, मध्ये आडवी रेघ नि वर-खाली टिंब असलेले चिन्ह ( ÷ ) म्हणजे पूर्णांकी भागाकार, उत्तर तीन. दोन वेगळ्या क्रियांना दोन वेगळी चिन्हे! गणिताच्या कुठल्याही शिक्षकाला हे पटेल. अडचण एवढीच की ते दुसरे चिन्ह नेहमीच्या कार्ड पंच यंत्रावर नव्हते, आणि अल्गोलला कारखान्यात फारसे कोणी विचारले नाही.

शिकणाऱ्यासाठी म्हणून जन्मलेली, आणि जगभर पोहोचलेली पहिली भाषा बेसिक. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोघे गणिताचे प्राध्यापक. केमेनी मूळचे बुडापेस्टचे. तरुणपणी काही काळ ते आइनस्टाइन यांचे साहाय्यक होते. त्यांच्या कॉलेजातले बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते, इतिहास-साहित्य-अर्थशास्त्राचे होते. या मुलांनाही संगणक हाताळता यायला हवा, आणि ग्रंथालयात पुस्तक काढायला कोणाची परवानगी लागत नाही तसा तो हाताशी हवा, अशी दोघांची धारणा होती. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी पहिले बेसिक प्रोग्रॅम चालले. या कामात तिथल्या पदवीच्या मुलांचा मोठा हात होता, ही गोष्ट मला फार आवडते.

बेसिकमध्ये सात भागिले दोन म्हणजे साडेतीन. सांगण्यासारखे त्यात एवढेच की संख्यांच्या जातीच तिने ठेवल्या नाहीत. संख्या म्हणजे संख्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पूर्णांक आणि दशांश यंत्रात वेगळे साठवले जातात हे कळण्याची गरज काय, असा सरळ विचार. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना आणली तेव्हा ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत आले. त्यांच्यात सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिकची सुधारित आवृत्ती होती. तिथे तिरक्या रेघेने साडेतीन आणि 'डिव्ह' या शब्दाने तीन. म्हणजे त्या काळी भारतातल्या शाळकरी मुलाला मिळणारे उत्तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या उत्तरापेक्षा गणिताला जास्त धरून होते!

बेसिकवर मोठा राग होता तो एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा. प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि 'गो टू' म्हणून कुठूनही कुठेही उडी. १९७५ च्या एका टिपणात त्यांनी बेसिक शिकलेली मुले पुढे सुधारण्यापलीकडे जातात, आणि कोबोल शिकवणे हा गुन्हा ठरवायला हवा, अशा आशयाची विधाने केली. ती चवीने सांगितली जातात. मला ती कधीच पटली नाहीत. माझे उत्तम विद्यार्थी बेसिकवरूनच आले होते आणि त्यांच्यात दुरुस्त न होण्यासारखे मला काही दिसले नाही. पण 'गो टू'ला विरोध करणारे डाइक्स्ट्रा यांचे १९६८ चे प्रसिद्ध पत्र वेगळे. ते गाजले त्यात त्याच्या बोचऱ्या मथळ्याचाही वाटा होता, आणि तो मथळा डाइक्स्ट्रा यांनी दिलेला नव्हता. तो संपादकाने दिला होता. संपादकाचे नाव निक्लाउस विर्थ.

हेच विर्थ पास्कलचे जनक. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठात ते शिकवत. अल्गोलची पुढची आवृत्ती कशी असावी या वादात त्यांनी सुचवलेली साधी वाट समितीने नाकारली, आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतःची भाषा प्रसिद्ध केली. तिच्यासमोर दोन उद्दिष्टे त्यांनी ठेवली होती: शिस्तीने प्रोग्रॅम लिहायला शिकवता यावे, आणि ती खऱ्या यंत्रांवर नीट चालावी. पास्कलने अल्गोलची दोन चिन्हे जपली. फक्त न सापडणाऱ्या चिन्हाऐवजी 'डिव्ह' हा शब्द. तिरक्या रेघेचे उत्तर नेहमी दशांश. आणि ते दशांश उत्तर पूर्णांकाच्या भांड्यात ओतायला गेलात, तर कंपायलर तिथेच थांबून तक्रार करतो: जात जुळत नाही. गाळायचे असेल तर गाळ म्हणून लिहा, जवळच्या पूर्णांकात न्यायचे असेल तर तसे लिहा. ३५९ भागिले ५ ची माझी ओळ पास्कलमध्ये चालली नसती, असे मी वर म्हटले ते यामुळे.

१९८३ च्या अखेरीस बोरलँड कंपनीने अँडर्स हेल्सबर्ग यांचा टर्बो पास्कल पन्नास डॉलरच्या आत विकायला काढला. लिहिण्याची जागा आणि कंपायलर एकत्र, आणि चूक झाली की कर्सर थेट चुकीपाशी. कार्डांचा गठ्ठा घेऊन खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्याला तो चमत्कार वाटला. आमच्या प्रयोगशाळेत चार पीसी आणि तीस मुले होती, तरी सत्राच्या शेवटी बहुतेकांना प्रोग्रॅम लिहिता येत असे.

मग पास्कल गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पास्कलच्या विरोधकांचेही ऐकावे लागते. बेल प्रयोगशाळेतले ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये पास्कल ही आपली आवडती भाषा का नाही यावर एक निबंध लिहिला. त्यांनी स्वतःच्या पुस्तकातले उपयोगी प्रोग्रॅम पास्कलमध्ये पुन्हा लिहून पाहिले होते. त्यामुळे तक्रारी ऐकीव नव्हत्या. मुख्य तक्रार अशी: दहा संख्यांची यादी आणि वीस संख्यांची यादी या पास्कलच्या लेखी दोन वेगळ्या जाती. दहाची यादी क्रमाने लावणारा प्रोग्रॅम वीसच्या यादीला चालत नाही. मोठे काम अनेक फायलींत वाटून स्वतंत्र कंपाइल करण्याची सोय मूळ भाषेत नाही. जातीच्या नियमातून गरजेला बाहेर पडायला दार नाही. शिकवायला ठीक, पण गंभीर कामाला नाही, हा त्यांचा निष्कर्ष. टर्बो पास्कलने यातले पुष्कळ दोष नंतर दूर केले हे खरे. पण मी एका पतसंस्थेचे काम पास्कलमध्ये केले होते, आणि सभासद वाढले की यादीचा आकार बदलून पुन्हा कंपाइल करायला दर वेळी मलाच बोलावणे यायचे. पॉइंटर वापरून ते मला टाळता आले असते, हे कबूल. पण भाषेचा हात तिकडे सहज जात नव्हता. कर्निघन यांचा निबंध मी नंतर वाचला तेव्हा त्या पतसंस्थेची आठवण झाली.

कर्निघन यांची बाजू सी भाषेची. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती बेल प्रयोगशाळेत घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली तिच्यात पुन्हा लिहिली गेली. सीच्या आधीच्या बीसीपीएल आणि बी या भाषांत संख्यांना जातच नव्हती. सगळे काही यंत्राचा एक शब्द, म्हणजे पूर्णांकच. तिथे तिरक्या रेघेचा अर्थ पूर्णांकी भागाकार असणे स्वाभाविक होते. सीमध्ये दशांश आले, पण रेघ तीच राहिली. दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर तीन, एक जरी दशांश असेल तर साडेतीन. ज्यांनी ही भाषा बनवली ते स्वतःच तिचे गिऱ्हाईक होते, आणि आपण काय लिहितो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. असल्या माणसाच्या हातात धारदार सुरा द्यायला काहीच हरकत नाही. आम्ही तो पहिल्या वर्षाच्या वर्गात वाटला.

का वाटला, तर नोकऱ्यांसाठी. त्यात लपवण्यासारखे काही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्या सी विचारत होत्या, पालक सी विचारत होते, गल्लीतले क्लास सीची पाटी लावत होते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' देशभर विकले जात होते. माझ्या वर्गात मूळ लेखकांचे पुस्तक दोघांकडे असे, कानेटकर सर्वांकडे. (पूर्णांकी भागाकाराची सूचना त्यात सुरुवातीच्याच पानांत आहे. तेव्हा तीही सबब मला नाही.) आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत पास्कल काढायला पंधरा मिनिटे लागली. विरोध कोणी केला नाही, मीही नाही.

भाषा बदलली त्यापेक्षा पुढे जे झाले ते मला जास्त खटकते. १९८७ मध्ये आलेला बोरलँडचाच टर्बो सी आमच्या प्रयोगशाळांत जो ठाण मांडून बसला, तो उठला नाही. सीचे प्रमाण १९८९ मध्ये ठरले, पुढे बदलले. यंत्रे सोळा बिटांवरून बत्तीस, बत्तीसवरून चौसष्ट बिटांवर गेली. निळ्या पडद्याचा टर्बो सी मात्र २०१० नंतरही, जुन्या डॉसचे सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने, कित्येक महाविद्यालयांत चालूच होता. कामाची भाषा शिकवतो या सबबीखाली पास्कल काढली, आणि कामावर कोणीच वापरत नाही असा कंपायलर वीस-पंचवीस वर्षे शिकवला. मुले पडदा पुसणारी जी ओळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पाठ करून लिहीत, ती सी भाषेत नाहीच, बोरलँडची आहे, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी कळे.

हा बदल काही आपल्याकडेच झाला असे नाही. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षांत देता येणारी संगणकशास्त्राची एपी परीक्षा १९८४ मध्ये पास्कलमध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये सी प्लस प्लसवर गेली आणि २००३-०४ पासून जाव्हावर. म्हणजे तिथल्या मुलांसाठी सात भागिले दोन हे साडेतीनवरून १९९९ साली तीन झाले. आपल्या उच्च माध्यमिकच्या बायफोकल विषयातही सी प्लस प्लस, म्हणून तीन. एमआयटीची कहाणी तर आणखी मजेदार. तिथे हॅरोल्ड एबल्सन आणि जेराल्ड सस्मन यांचा अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकापासून स्कीम या भाषेत चाले. स्कीमला सात भागिले दोन विचारले तर ती उत्तर देते: सात द्वितीयांश. अपूर्णांक जसाच्या तसा, ना गाळणे, ना दशांश. गणिताच्या दृष्टीने याहून चोख उत्तर मला कुठे मिळाले नाही. २००८ च्या सुमारास तो अभ्यासक्रम संपला आणि त्याच्या जागी पायथॉन आली. त्या वेळी चालत असलेल्या पायथॉनमध्ये उत्तर होते तीन.

पायथॉनबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण हा सगळा वाद तिच्या पोटात एकदा पूर्ण खेळला गेला. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संस्थेत लॅम्बर्ट मेर्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एबीसी नावाची भाषा बनवली होती. बेसिकच्या जागी, नवशिक्यांसाठी. ओळी आत सरकवून रचना दाखवायची ही कल्पना तिच्यात होती, आणि संख्या अचूक अपूर्णांकांत ठेवल्या जात. भाषा सुंदर होती आणि चालली नाही. बाहेरच्या जगाशी, फायलींशी, यंत्राशी बोलायची तिची तयारी नव्हती. जे तिच्यात होते तेवढेच करता येई. ख्विदो फान रॉसुम हे त्या गटात तरुण प्रोग्रॅमर होते. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी स्वतःची भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांना दिली. एबीसीतले त्यांनी पुष्कळ घेतले, सरकवलेल्या ओळींसकट. पण एबीसीतल्या अचूक अपूर्णांकांनी प्रोग्रॅम मंदावतात हे त्यांनी पाहिले होते, आणि नवी भाषा सी जाणणाऱ्या कामकरी प्रोग्रॅमरसाठी होती. म्हणून भागाकार त्यांनी सीकडून घेतला. तीन.

दहा वर्षांनी तो त्यांच्या अंगावर आला. अमेरिकेत नवशिक्यांना त्रिमितीय चित्रे हलवता यावीत म्हणून 'अ‍ॅलिस' नावाचा एक प्रकल्प चालू होता आणि त्यात पायथॉन वापरली होती. तिथल्या मंडळींना आढळले की प्रोग्रॅमिंग न शिकलेली माणसे दोन गोष्टींत अडखळतात: लहान-मोठ्या अक्षरांचा फरक, आणि एक भागिले दोनचे उत्तर शून्य येणे. त्यांनी आपल्यापुरती भाषाच बदलून घेतली. फान रॉसुम यांनी स्वतः १९९९ मध्ये सर्वांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा एक प्रस्ताव मांडलेला होता. त्यामुळे ही तक्रार त्यांना झटकता येईना. २००१ मध्ये त्यांनी मोशे झाडका यांच्यासह बदलाचा मसुदा लिहिला: एक रेघ म्हणजे खरा भागाकार, दोन रेघा ( // ) म्हणजे पूर्णांकी. वापरणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, कारण चालू प्रोग्रॅमांतले आकडे बदलणार होते आणि तेही गुपचूप. म्हणून बदल ऐच्छिक ठेवला गेला आणि डिसेंबर २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत सक्तीचा झाला. जुनी दुसरी आवृत्ती अधिकृतपणे थांबली ती १ जानेवारी २०२० ला. एका तिरक्या रेघेचा अर्थ १९६० च्या अल्गोलइतका स्पष्ट करायला एका चालत्या भाषेला जवळपास वीस वर्षे लागली.

म्हणून पायथॉन निर्दोष आहे असे नाही. पॉइंट एक अधिक पॉइंट दोन तिला विचारा. उत्तर बरोबर पॉइंट तीन येत नाही, सतराव्या घरात एक चार डोकावतो. यंत्र दशांश दोनच्या पटीत साठवते, त्याचा हा परिणाम. पतसंस्थेचे व्याज मी आजही त्या आकड्यांवर सोडणार नाही. तिथे मला कोबोलचे ते मापाचे भांडेच हवे, किंवा पायथॉनमधला त्याच्यासारखा वेगळा दशमान प्रकार. आणि वजा सात भागिले दोन पूर्णांकात विचारले तर सी वजा तीन सांगते, पायथॉन वजा चार. दोघींचे तर्कशास्त्र आपापल्या जागी ठीक आहे. पण एका भाषेतला हिशेब दुसऱ्या भाषेत उतरवणाऱ्याने हे माहीत नसताना उतरवला, तर माझ्यासारखेच कोणाच्या तरी दाराशी जाऊन उभे राहावे लागेल.

पास्कल ठेवायला हवी होती, असे मी आता म्हणत नाही. कर्निघन यांची तक्रार खरी होती, आणि ज्या मुलांना पोट भरायचे होते त्यांना आम्ही चार-सहा महिने आधी सी दिली हेही खोटे नाही. पण अभ्यास मंडळाच्या त्या पंधरा मिनिटांत आमच्यापैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही, की शिकणारा चुकतो तेव्हा ही भाषा त्याला सांगते का, की गप्प बसते. वेग विचारला गेला, नोकऱ्या विचारल्या गेल्या, परवाना फुकट मिळेल का तेही विचारले गेले.

गेल्या दशकाच्या अखेरीपासून सीबीएसईच्या शाळांत सी प्लस प्लसच्या जागी पायथॉन आली आहे. आमच्या सोसायटीतली अकरावीतली एक मुलगी अडले की माझ्याकडे येते. मागच्या महिन्यात आली. वहीत सात भागिले दोनचे उत्तर ३.५ लिहिलेले होते, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिचा प्रश्न खालच्या ओळीबद्दल होता.

"आजोबा, सहा भागिले दोन केलं तर ते नुसतं ३ का नाही देत? ३.० का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला बसायला सांगितले, चष्मा काढला आणि १९५७ पासून सुरुवात केली. अल्गोलपर्यंत पोहोचलो तोवर खाली तिच्या क्लासची रिक्षा आली.